डावीकडचा तीन

तिला खऱ्या नावाने हाक मारलीत तर तिने वळूनसुद्धा पाहिलं नसतं, इतकी वर्षं ती सगळ्यांची भागूबाईच होती. भित्री भागूबाई, त्यातली. हे नाव नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ठेवलं, मग ते ऑफिसात पोचलं आणि शेवटी लेकीच्या सासरीही गेलं. तिने कधी हरकत घेतली नाही. घेणार कशी? होतीच की भित्री! लिफ्टला भ्यायची, म्हणून चार जिने चढून ऑफिसात जायची. कुत्र्याला भ्यायची, कुत्र्याच्या पिल्लालाही भ्यायची. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे ना ते तीनदा पाहायची आणि फाटकापर्यंत जाऊन चौथ्यांदा परत यायची. विजा कडाडायला लागल्या की पलंगाच्या अगदी मधोमध बसायची, जसं काही वीज कडेकडेनेच पडते.

आणि काम काय करायची? तर एका साप्ताहिकात कोडी तपासायची. आता कोडी तपासायला माणूस कशाला लागतो, असं कुणी विचारलं की तिच्या कपाळाला आठ्या पडत. लागतो तर! कोड्याला उत्तर एकच असावं लागतं. दोन उत्तरं निघाली की वाचक पत्रं लिहून लिहून जीव खातात. म्हणून प्रत्येक कोडं छापायच्या आधी भागूबाईच्या टेबलावर यायचं. खिडकीजवळ तिचं टेबल, टेबलावर चार पेन्सिली आणि झिजून बोराएवढं झालेलं खोडरबर. वाचक सोडवेल तसं ती ते कोडं सोडवायची. एकच उत्तर आलं की हिरवी खूण. दोन आली की लाल पेन्सिलीने 'दोन उत्तरं' असं लिहून कागद परत. सव्वीस वर्षांत तिचा लाल शेरा एकदाही खोटा ठरला नव्हता. सगळ्या जगाला भिणारी ही बाई कोड्याला मात्र भीत नसे.

तिचं सगळ्यात लाडकं कोडं म्हणजे 'उंच इमारती'. पाच ओळी, पाच उभ्या रांगा. प्रत्येक घरात एक इमारत, एक ते पाच मजल्यांची. कुठल्याही ओळीत, कुठल्याही रांगेत एकाच उंचीच्या दोन नाहीत. आणि चौकटीच्या बाहेर चारही बाजूंनी आकडे. आकडा सांगतो की तिथे उभं राहून आत पाहिलं तर किती इमारती दिसतात. उंच इमारतीमागची बुटकी दिसत नाही, एवढीच त्यातली मेख.

हे तिने आपल्या पाच वर्षांच्या नातीलाही शिकवलं होतं. नातीचं नाव ठमी. म्हणजे ठेवलेलं नाव दुसरं, पण गोल गाल, कमरेवर हात आणि दिवसभर चालणारं तोंड, त्यामुळे ठमीच. स्वयंपाकघरातले लहानमोठे पाच डबे ओट्यावर रांगेत मांडायचे आणि ठमीने ओट्याच्या टोकाला हनुवटी टेकवून बघायचं.

"समज, आकडा म्हणतोय चार दिसतात," भागूबाई म्हणायची. "तर सगळ्यात उंच डबा पहिल्या जागी बसेल का गं?"

"छे! मग एकच दिसेल."

"दुसऱ्या जागी?"

"मग फार तर दोन."

"तिसऱ्या?"

ठमी बोटांवर मोजायची. "तीनच!"

"मग काय करायचं?"

"काट, काट, काट!" ठमी ओरडायची आणि कागदावरच्या तीन घरांतला पाच खोडून टाकायची.

"शाब्बास. आता चार मजली बघ. तो पहिल्या जागी बसला तर?"

"मग तो आणि मागचा पाच. दोनच!"

"म्हणजे तिथला चारही काट. आधी काटाकाट, मग लिखाण. घाई केली की फसलीस."

हीच तिची पद्धत. उत्तराच्या मागे धावायचं नाही. कुठे काय बसूच शकत नाही ते शांतपणे खोडत जायचं.

लेक हॉस्पिटलात रक्त तपासायच्या विभागात होती, सहापर्यंत ड्युटी. त्यामुळे ठमीला शाळेतून आणणं आजीकडे. ऑफिस चारला सुटायचं, शाळा साडेचारला. शाळा ऑफिसच्याच बाजूला, घर मात्र मोठ्या रस्त्यापलीकडे. तो रस्ता ओलांडायचा, ठमीची अखंड बडबड ऐकत घरी यायचं आणि खाऊ खाऊन डबे मांडायचे. नवरा गेल्यापासून भागूबाईच्या दिवसाला अर्थ होता तो या दीड तासात. बाकीचा दिवस नुसता त्याची वाट बघण्यात जायचा.

आणि मग ते तीन आठवडे आले.

आधी काही लक्षातच आलं नाही. ऑफिसच्या दाराची चौकट खांद्याला लागली. लागते कधीकधी. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागली, तोच खांदा, डावा. तिथे काळंनिळं झालं तेव्हा ती चौकटीवरच चिडली. टेबलावरचा चहाचा कप कोपर लागून सांडला, तर शिपाई कप कुठेही ठेवतो म्हणून त्याला फैलावर घेतलं. रस्त्यात एक सायकलवाला कुठून उगवला कुणास ठाऊक, अंगावरच आला. "हल्ली मेले घंटीच वाजवत नाहीत!" असं म्हणून तीही पुढे गेली. ठमी एकदा ताटाकडे बघून म्हणाली, "आजी, तू रोज अर्धं ताट माझ्यासाठी ठेवतेस ना?" आणि तिने ते फस्तही केलं. आजीला वाटलं, पोरीला भूक लागली असेल.

त्याच तीन आठवड्यांत 'उंच इमारती'ची तीन कोडी तिने लाल शेरा मारून परत पाठवली.

ही कोडी करायचे मास्तर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीचे, कागदाला पट्टी लावून शाईने चौकट आखणारे. एकोणीस वर्षांत त्यांचं एकही कोडं परत गेलं नव्हतं. कधी कोडं कठीण करायचं असलं की ते मुद्दाम एखाद्या बाजूला आकडेच देत नसत, ती बाजू कोरी. भागूबाईला त्यांची ही खोड ठाऊक होती. म्हणून लागोपाठ तीन आठवडे डावी बाजू कोरी आली तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त मनात आलं की म्हाताऱ्याने हल्ली जरा अतीच केलं. या शेवटच्या कोड्यात तर डावी बाजू कोरी ठेवली की तिसऱ्या आणि पाचव्या ओळीतले एक आणि दोन अदलाबदल करूनही चालतात. दोन उत्तरं! तिला वाईट वाटलं, पण शेरा तो शेरा.

मंगळवारी दुपारी तीन वाजता मास्तर स्वतः आले. चार जिने चढून धापा टाकत होते. समोरच्या खुर्चीत बसले, खिशातून परत आलेलं कोडं आणि घडी घातलेलं पत्र काढून टेबलावर ठेवलं.

"काय हे मास्तर?"

"राजीनामा म्हणा. आता मी थांबतो, बाई." मास्तर म्हणाले. "एकदा चुकलो असतो तर समजलं असतं. तीनदा! आणि मला चूक दिसतसुद्धा नाही. परत परत सोडवून बघतो, मला उत्तर एकच येतं. म्हणजे डोकं गेलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही."

भागूबाईने कोड्याचा कागद पुढे ओढला. "असं काय बोलता? एक बाजू कोरी सोडली की होतं असं. थांबा, एकत्र बघू. ही तिसरी ओळ बघा. एक, दोन, पाच बसतं. आणि दोन, एक, पाचही बसतं. वरून खालून काही फरक पडत नाही. बरोबर?"

मास्तर कागदाकडे पाहत राहिले. मग तिच्याकडे. मग पुन्हा कागदाकडे.

"बाई, दोन, एक, पाच कसं बसेल? मग दोनच इमारती दिसतील. बाहेर तीन लिहिलेत ना मी."

"कुठे तीन?"

"हा काय! डावीकडचा तीन." त्यांनी बोट ठेवलं.

"मास्तर, कुठे?"

"अहो, माझ्या बोटाखाली!"

भागूबाईला बोट दिसत नव्हतं. मास्तरांचा कोपरापासूनचा हात दिसत होता, मनगट दिसत होतं आणि त्यापुढे काहीच नव्हतं. काळोख नाही, धुरकट नाही, काही नाही. कागद जिथे संपत होता तिथे तो अगदी सरळ, साधेपणाने संपत होता. "थट्टा करू नका हो," ती म्हणाली.

मास्तरांनी कागद धरला आणि तिच्यासमोर उलटा फिरवला. डावी बाजू उजवीकडे आली.

पाच आकडे. शाईने, ठसठशीत, एकाखाली एक, डोकं खाली पाय वर. मधला तीन.

मास्तर आधी खुदकन हसले. माणूस आहे, हसणारच. "म्हणजे मी शाबूत आहे!" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू तिथेच विरलं. "बाई, पाणी देऊ का?" पाण्याचा पेला त्यांनी पुढे केला तो तिच्या डावीकडून. तिने हात पुढे केलाच नाही.

सव्वीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. ती काटाकाट करू लागली. चष्मा? दोनच महिन्यांपूर्वी नवा केलेला, काट. उजेड? खिडकी शेजारीच, लख्ख ऊन, काट. झोप? रात्रभर गाढ झोपली होती, काट. डावा डोळा अधू झाला असेल? तिने डावा डोळा हाताने झाकला आणि पाहिलं. मग उजवा झाकून पाहिलं. दोन्ही वेळा जगाची तीच डावी बाजू गायब होती. म्हणजे डोळाही काट. आता खोडायला काही उरलं नाही आणि घरात एकच आकडा शिल्लक राहिला.

तो आकडा तिच्या ओळखीचा होता. नवरा शेवटच्या वर्षी ताटातलं डावीकडचं तसंच टाकून उठायचा. ती त्याला चिडवायची, "अर्धं कुणासाठी ठेवलंत? सवतीसाठी?" तो हसायचा. डॉक्टर नंतर म्हणाले होते की मेंदूतला तो पहिला छोटा झटका होता, तेव्हाच आणलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या झटक्याने त्याला जागेवरून उठू दिलं नाही. आणि आता ठमी म्हणत होती, अर्धं ताट माझ्यासाठी ठेवतेस ना.

आयुष्यभर ती भ्याली ती बोंबलून भ्याली होती, सगळ्यांना गोळा करून, हसवून भ्याली होती. ही भीती तशी नव्हती. हिला आवाजच फुटत नव्हता.

"लेकीला फोन लावू?" मास्तरांनी विचारलं.

"नको!" ती ओरडलीच. "कुणाला सांगू नका. तुम्हाला शपथ आहे."

कारण फोन केला की काय होणार ते तिला कळत होतं. लेक हॉस्पिटलातली. ती क्षणभरही थांबणार नाही. आधी तपासण्या, मग खाट, आणि मग, ती बरी होवो वा न होवो, आजीच्या हातात ठमी पुन्हा कुणी देणार नाही. त्यांची चूक नाही. तिनेसुद्धा दिली नसती. साडेचारची शाळा दुसरं कुणीतरी करेल आणि डबे फडताळात राहतील.

मास्तर सोबत येतो म्हणत होते, तिने त्यांना जिन्यातच थांबवलं. भिंतीला उजवा हात लावून ती एकेक पायरी उतरली. फुटपाथवरून शाळेपर्यंत दुकानांच्या कडेकडेने गेली. सरळ गेलं तर काही होत नाही, ती स्वतःला सांगत होती. तीन आठवडे आणलंच की. आज एक दिवस. उद्या बघू.

ठमी धावत आली आणि नेहमीसारखा आजीचा डावा हात पकडला. दप्तर, पाण्याची बाटली, आणि वर्गात कोण कुणाला चावलं त्याची हकिगत, सगळं एकदम सुरू झालं. भागूबाईने त्या आवाजाकडे पाहिलं.

हातात हात होता. ठमी नव्हती.

मऊ, चिकट, खडूने माखलेली बोटं तिच्या बोटांत होती, बडबड चालू होती, आणि जिथे पोर असायला हवी तिथे नुसता रस्ता होता. तिने मान पूर्ण वळवली तेव्हा कुठे ठमीचे गाल दिसले. म्हणजे हे तीन आठवडे मी काय घेऊन रस्ता ओलांडत होते? तिला शुक्रवार आठवला. ठमी मध्येच हात सोडून खडा उचलायला वाकली होती, आणि ही दोन पावलं पुढे गेली होती, आणि एक गाडी कर्कश्श हॉर्न देत थांबली होती. हिने ड्रायव्हरला शिव्या घातल्या होत्या.

दोघी रस्त्याच्या कडेला आल्या. चार पदरी रस्ता, शाळा सुटायची वेळ, गाड्यांची रांग. भागूबाई उजवीकडे पाहायची तर गाड्या येताना दिसत. डावीकडे मान वळवायची तर त्याही दिसत, पण तोवर उजवीकडे काय झालं कुणास ठाऊक. मान समोर केली की अर्धा रस्ता पुसला जाई. एक बस डावीकडे थांब्यावर उभी होती, तिचा फक्त घरघराट ऐकू येत होता. एकदा वाटलं मोकळं आहे. तिने पाऊल खाली टाकलं.

आणि तिथून काहीतरी सूंकन गेलं. वारा तोंडावर आला, साडी ओढल्यासारखी झाली. तिने पाऊल मागे घेतलं. ठमीचा हात तिने एवढा घट्ट आवळला होता की पोर कळवळली.

"आजी, दुखतंय! आणि तू बघितलं नाहीस का? केवढी मोटारसायकल होती!"

"ठमे," तिने कसंबसं विचारलं, "तिकडे, बसच्या बाजूला किती गाड्या दिसतात तुला?"

"एकच. बस."

"मग जाऊ या?"

"वेडी आहेस का आजी?" ठमीने कमरेवर हात ठेवला असणार, आवाजावरून कळत होतं. "बस सगळ्यात उंच ना? ती पुढे असली की एकच दिसतं. मागे कितीपण असतील! काट."

भागूबाई रस्त्याच्या कडेच्या कट्ट्यावर मटकन बसली. पोरीला बसच्या मागचं न दिसणारं कळत होतं आणि तिला शेजारचं पोर दिसत नव्हतं. आज एक दिवस, उद्या बघू, या दोन्ही घरांवर तिने मनातल्या मनात काट मारली. फोन काढला आणि लेकीला लावला.

"आई? काय गं? ठमी ठीक आहे ना?"

"ठमी ठीक आहे. आम्ही शाळेसमोर बसलोय. तू ये घ्यायला."

"माझी ड्युटी आहे गं. तिला घरी नेऊन..."

"दोघींना घ्यायला ये," भागूबाई म्हणाली. "मला डावीकडचं दिसत नाहीये. तुझ्या बाबांसारखं. तीन आठवडे झाले. मी तुझ्या मुलीला घेऊन रस्ता ओलांडत होते, बाई. मला मारायचं असेल तर मार, पण आधी ये."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कट्ट्यावरून हलू नकोस. ठमीला उजव्या बाजूला बसव. मी निघाले."

ठमीला उजवी बाजू पसंत नव्हती, पण आजीचा आवाज ऐकून ती मुकाट्याने जागा बदलून बसली. आता ती दिसत होती. गाल, वेणी, गुडघ्यावरची खपली, सगळं दिसत होतं. भागूबाईने तिला एवढं डोळे भरून पाहिलं की ठमीने विचारलं, "माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

"नाही गं. बघू दे जरा."

"आई आली की आपण डबे मांडायचे?"

"आई म्हणेल तसं. हॉस्पिटल कुठल्या बाजूला गं?"

"तिकडे." ठमीचं बोट डावीकडे गेलं आणि दिसेनासं झालं.

भागूबाई समोर पाहत बसली. मान वळवायचं तिला धाडस होईना. वळवली आणि तरीही काहीच दिसलं नाही तर? हॉस्पिटल दहा मिनिटांवर. पाच मिनिटं झाली असतील, दहा झाली असतील. गाड्या येत होत्या, जात होत्या. ती मनातल्या मनात नवऱ्याला सांगत होती की हे नाव माझ्यासाठी ठेवून गेलात ते बरोबरच होतं.

ठमी एकदम फिस्सकन हसली. दोन्ही हात तोंडावर दाबून हसत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही." पुन्हा हसली.

"हसतेस काय? तुझी आई अजून आली नाही आणि तुला हसू सुचतंय. काय करत असेल ही पोरगी, निघाले म्हणाली त्याला किती वेळ झाला..."

ठमीचं हसणं थांबलं. ती आजीच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बावरत गेला. "आई," ती हळूच म्हणाली, "खेळ पुरे ना. तू रडतेस कशाला?"

"कोण रडतंय?" भागूबाईने विचारलं.

तेव्हा डाव्या बाजूने, जिथे तिच्या लेखी कुणीच नव्हतं तिथून, एक ओला हात आला आणि त्याने तिचा हात धरला.

"मी गं, आई," लेक म्हणाली. "केव्हाची तुझ्याजवळच बसलेय."